न मागितलेली रजा

मोहाडी,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
रीनाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडचं बरं आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून तसं लिहिते. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि शेजाऱ्यांकडे निरोप द्यावा तर आपल्या घरातली गोष्ट सिहोराभर होते. त्यापेक्षा पोस्ट बरी. तुमचं अक्षर बघायला मिळतं हा वरचा फायदा.

सलग तीन गुरुवार मी आले नाही. आईला तुमसरला व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यायचं राहिलं. तिचा उजवा हात पुन्हा आखडला असेल, या विचारानं मला घरात बसवत नाही. का आले नाही ते सांगते.

आमच्या मालकांनी, भैय्याजींनी, राइस मिलचा कारभार मुलाच्या, अश्विनच्या हाती दिला आहे. पुण्याला शिकून आलाय. मनानं वाईट नाही, पण त्याला सगळं यंत्रात दिसलं पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर नवं धान यायला लागलं तसं त्यानं फाटकावर चेहरा दाखवायची मशीन बसवली. सीझनभर कोणाला सवलत नाही, मधेच बाहेर जायचं असेल तर त्याच्या सहीचा पास पाहिजे. आईला लकवा झाला तेव्हापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, माझा गुरुवार भैय्याजींनी तोंडी दिला होता. त्याच्या बदल्यात मी रविवारी कामावर जात होते. कागदावर नव्हता, म्हणून तो आता नव्हताच असं झालं.

मागच्या मंगळवारी अकरा वाजता पोरीच्या, मित्राच्या, शाळेतून फोन आला, ताप चढलाय, घेऊन जा. तिचा बाप, धर्मेंद्र, नागपूरच्या गाडीवर. कंडक्टर माणूस, भरली एसटी सोडून कुठे उतरणार? अश्विन भंडाऱ्याला गेलेला, फोन उचलेना. फाटकावरच्या तुलारामनं हात जोडले. मित्रा लहान असताना तिला खांद्यावर घेऊन मिलच्या अंगणात फिरवणारा तो माणूस, पण पासाशिवाय सोडलं तर माझी नोकरी जाईल बाई, म्हणाला. अश्विन परत येऊन पास मिळेपर्यंत तीन वाजले. शाळेत गेले तर पोरगी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाकावर झोपली होती. बाईंनी तिच्या अंगावर आपली शाल टाकली होती. आता ताप उतरलाय, काळजी करू नका.

पण त्या चार तासांत मी एक गोष्ट केली, ती अजून धर्मेंद्रलाही सांगितलेली नाही. चार ट्रक भरून उभे होते. प्रत्येकातल्या तांदळाचा ओलावा मोजायचा, तुटका दाणा, म्हणजे तुकडा, किती ते बघायचं, मग माझी सही, मग गाडी निघणार. पहिल्या तीन गाड्यांचं नीट केलं. चौथीचं एकही पोतं न उघडता आकडा लिहिला आणि सही ठोकली. आठ वर्षांत पहिल्यांदा. बाबा, अर्ध्या टक्क्यासाठी मी भैय्याजींशी भांडलेली आहे, मालाची गाडी परत फिरवलेली आहे. आणि मंगळवारी सही करायला मी क्षणभरही थांबले नाही. तेच खुपतंय.

आता आठ वाजता चेहरा दाखवते आणि पाचाची वाट बघते. मधलं काम कोणी तिसरीच बाई करते असं वाटतं. गोंदियाच्या एका मिलवाल्यांनी नोकरीला बोलावलं आहे. जावं की नाही, दिवसातून दहा वेळा ठरवते आणि मोडते.

आईला जयभीम. राग आला असेल तर तो वेगळा ठेवा, माया मात्र कमी करू नका.

तुमची,
रीना

*

सिहोरा,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. रीनास,
तेजराम गजभिये याचे अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. तुह्या मायलेबी वाचून दाखवलं, पन ते सहीचं वाचलं नाही, गिळून टाकलं. मित्राचा ताप उतरला हे आयकून बरं वाटलं. धर्मेंद्रले सांगजो का जेवनाच्या डब्यात मिरची कमी घेत जाय, मागच्या खेपेले त्याचं पोट बिघडलं होतं.

आता सहीचं. पोतं न उघडता सही? माह्या पोरीनं? मले आधी वाटलं का चष्म्यात काई बिघाड आहे. अवो, मालकाचा पोरगा मशीन लावन नाही त हत्ती बांधन फाटकावर, आपलं काम त आपलं आहे ना? तुमसरच्या मिलमंदी एकतीस वर्सं मी बॉयलर सांभाळला. धान उकडून उसना तांदूळ काढाचा, त्याची वाफ अना मशीनचा आवाज, त्यातच माहे कान गेले. मी कधी म्हनलं काय का माहे कान परत द्या? पेन्शनीत निघालो तरी मन लागत नाही म्हून धनीरामच्या लहान मिलवर रोज जाऊन राहिलो. त्याचा पट्टा सरकला का तो मलेच हाक मारते, अना मले आयकू येत नाही म्हून हात धरून नेते. त्याले मी शब्द देल्ला आहे का सीझनभर येईन. शब्द म्हनजे शब्द.

तुह्या मायचं म्हनशीन त शेजारची सून दिवसातून दोनदा डोकावून जाते. व्यायाम चार गुरुवार नाही झाला त काई आभाय कोसळत नाही. हात जरा आखडला आहे, पन भाकर मोडते.

गोंदियाले कायले जातं? तिथंबी मालकच आहे, अना त्यालेबी पोरगा असन. आमच्या टायमाले त मालक रजा देतच नव्हता. तुह्या मायच्या दवाखान्याच्या वक्तालेबी नाही देल्ली. मी तक्रार केली काय? खाली मुंडी घालून काम केलं, म्हून आज तुमसरात लोकं तेजराम मिस्त्री म्हून वळखतात.

मित्राले पापे. रागावलो म्हून पत्र लिहायचं बंद नको करू.

तुहा बाप,
तेजराम

*

मोहाडी,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
स. जयभीम.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आज गुरुवार, मी तिकडे असायला हवं होतं आणि इथे ओलाव्याच्या मशीनसमोर बसले आहे, त्यामुळे चौथं फाडणार नाही.

दवाखान्याच्या वेळची गोष्ट तुम्ही काढली. दोन हजार एकचा डिसेंबर, मी अकरा वर्षांची. आईला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या आणि शेजारच्या बाबुलालकाकांनी आम्हाला त्यांच्या जीपमधून तुमसरला नेलं. तुमची मिल तिथून पायी वीस मिनिटांवर होती. काका तुम्हाला बोलवायला गेले आणि एकटेच परत आले. मालक सोडत नाही म्हणाले. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलात, तेव्हा माती देऊन झाली होती.

बाळ मेलेलंच जन्मलं असं तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही, बाबा. तो दोन तास जिवंत होता. आई शुद्धीत नव्हती. नर्सबाईंनी त्याला कापडात गुंडाळून थोडा वेळ माझ्या मांडीवर दिलं, कारण माझ्याशिवाय घरचं कोणी नव्हतं. त्याचे ओठ इतके लहान होते की मला हसू आलं होतं. मग बाईंनी त्याला घेतलं आणि परत दिलं नाही. आई शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं की हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, माणूस कामावर अडकला होता, त्याच्या जिवाला लागेल. तेवीस वर्षं मी ते पाळलं. आज मोडते आहे, आई तुम्हाला समजून घेईल की मला, माहीत नाही.

म्हणून, मी तक्रार केली नाही, हे मला मोठेपणानं सांगू नका. मिल त्या दिवशी चालली. तुम्ही दोन तास नसता तरी चालली असती.

आणि आताही तेच आहे. तुम्ही धनीरामकाकांना शब्द दिला म्हणून तिकडे जाता, आणि गुरुवार माझ्या वाट्याला येतो. माझी नोकरी ही नोकरी आणि तुमचं ते व्रत, असं का?

कमी-जास्त लिहिलं असेल. क्षमा मागत नाही, पण तुमचीच आहे.

रीना

*

सिहोरा,
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. रीनास,
आशीर्वाद.

तुह्या पत्राले उत्तर द्याले उशीर झाला. लिहाले बसलो का पेन हातात रायते अना कागद कोराच. परवा सहा डिसेंबरले विहारात गेलो, समद्यांसोबत मेणबत्ती लावली. लोकं परतले, मी तिथंच बसून रायलो. घरी आलो अना ठरवलं का लिहून टाकाचं.

मालकानं रजा नाकारली नव्हती, रीना. मी मागितलीच नाही.

त्या दिवशी मिलमंदी नवा बॉयलर पेटवाचा होता. बाहेरून इंजिनियर आले होते. मालकानं समद्यांसमोर सांगतलं होतं का आग तेजराम मिस्त्री लावन. तुले काय सांगू, माह्या बापाले याच भागात लोकं वरून पानी ओतत, तो खाली ओंजळ धरून पेत होता. अना मले मालकानं आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं, आपल्याच कपातला चहा देल्ला. मी त्या मिलमंदी हमाल म्हून लागलो होतो. बाबुलाल आला, मले बाजूले घेऊन बोलला. तवा माहे कान चांगले होते. समदं आयकू आलं. मालक दहा हातावर उभा होता. मले वाटलं, मी गेलो त दुसरा कोनी आग लावन, अना मी परत हमाल होईन. मी बाबुलालले म्हनलं, मालक सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाले कुठून तरी समजलं. तो मह्यावर चिडला, काहून सांगतलं नाही, माही गाडी उभी होती म्हनला. मी त्यालेबी खोटं सांगतलं का बायकोनंच नको म्हनलं. त्याच्यानंतर पेन्शनीत निघेपर्यंत मी कधी रजा मागितली नाही. लोकायले वाटे काय इमानदार मानूस आहे. इमानदारी नव्हती ते. एकदा मागितली अना भेटली असती, त त्या दिवशीबी भेटली असती हे दिसलं असतं. म्हून मागतच नव्हतो.

तो दोन घंटे जित्ता होता हे मले माहीत नव्हतं.

तुले एकच सांगतो. तू विचार. तोंड उघडून मालकाले विचार, तुले काय पाहिजे ते सांग. त्या पोत्याचंबी सांग, मंग भलेबी काढून टाको. नाही म्हनले त गोंदियाले जाय, माही ना नाही. पन न विचारता मनातल्या मनात रागावून काम खराब नको करू. मी न विचारता काम चांगलं केलं, तू न विचारता खराब करून राहिली. दोघायचं एकच आहे.

तुह्या मायले सांगाचं बाकी आहे. हिंमत जमा करून राहिलो.

तेजराम

*

मोहाडी,
दि. २२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलं ते केलं, तेवढंच कळवते.

सोमवारी सकाळी भैय्याजी आणि अश्विन दोघं ऑफिसात होते. मी आत गेले आणि आधी पोत्यांचं सांगितलं. बारा नोव्हेंबरची चौथी गाडी, न तपासता सही. भैय्याजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवसाची वही मागवली. ती गाडी ज्याच्याकडे गेली त्या जबलपूरच्या व्यापाऱ्याला अश्विननं फोन लावला. चाळीसेक पोती ओलसर निघाली, बुरशी धरायच्या बेतात. ती परत आणावी लागली. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये राहील. मी सही करून घेतली. या वेळी वाचून.

मग अश्विननं विचारलं की आठ वर्षांत नाही केलं ते त्याच दिवशी का केलं. मी मित्राचं सांगितलं. गुरुवारचंही सांगितलं. त्याला गुरुवार माहीतच नव्हता. भैय्याजी म्हणाले, यात सांगायचं काय, मला वाटलं चालूच असेल. बापलेकात माझ्यासमोरच जुंपली. अश्विनचं म्हणणं, तुम्ही लोकांना मनात सवलती देता आणि वहीत माझ्याकडे काहीच नसतं. खरं सांगू, मला त्याचं पटलं. शेवटी तो मला म्हणाला, तुम्हाला काय पाहिजे ते कागदावर लिहून द्या.

दोन दिवस लागले लिहायला. शाळेचा किंवा दवाखान्याचा फोन आला तर तुलारामनं फाटक उघडावं, पास नंतर होईल. माझी वेळ सात ते तीन करावी, तीननंतरच्या गाड्या पॅकिंगच्या ललिताबाईंनी तपासाव्या, त्यांना मी शिकवीन. ललिताबाई बारावी विज्ञान शिकलेल्या आहेत हे मिलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, पंधरा वर्षं पोती शिवतात. या दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. शुक्रवारीच तांदूळ निवडायच्या सॉर्टेक्स मशीनवरच्या एकाची बायको अडली, तर तुलाराम फाटक उघडून वर स्वतः त्याची मोटरसायकल ढकलत होता.

पण मी आधीसारखी राहिले नाही. आधी मिल माझी वाटायची, आता नोकरी वाटते. गोंदियाला अजून हो म्हटलं नाही आणि नाहीही नाही. तरी परवा घरी मित्राचा अभ्यास घेताना आठवलं की पोत्यांच्या मागच्या थप्पीवर ताडपत्री नव्हती. ललिताबाईंना फोन करून तिथलं पोतं उघडायला लावलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. फोन ठेवला आणि माझं मलाच नवल वाटलं.

गुरुवारही मागितला होता, तो मात्र मिळाला नाही. जानेवारी संपेपर्यंत जमणार नाही, असं अश्विननं कारणासकट सांगितलं. आवक जोरात आहे, ललिताबाई अजून नवीन आहेत. त्याचंही बरोबर. मग आईचं काय, हे आता तुम्हाला विचारते. तुम्हीच म्हणालात ना, तोंड उघडून विचार.

तुमची,
रीना

*

सिहोरा,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. रीनास,
तेजरामचे आशीर्वाद. जयभीम. मित्राले पापे, धर्मेंद्रले जयभीम.

तुह्यं पत्र वाचलं अना दुसऱ्या दिवशी धनीरामकडे गेलो. तोंडी बोलतो त तो काय उत्तर देते ते मले आयकू येनार नाही, म्हून अर्ज लिहून नेला. दर गुरुवारी रजा पाहिजे, कारन बायकोले दवाखान्यात न्याचं आहे. खाली सही. अडुसष्टाव्या वर्सी पहिला अर्ज. धनीरामनं वाचला अना हसला. माह्याच पेननं त्याच्यावर लिहिलं का काका, तुमाले रजा मागाची काय गरज, बुधवारबी घ्या. एवढंच. चहा होईपर्यंतबी वेळ लागला नाही. मी तिथंच पोत्यावर बसलो. त्याले वाटलं मले चक्कर आली, पानी आनून देल्लं.

घरी आलो अना तुह्या मायले समदं सांगतलं. मालक, आग, बाबुलाल, समदं. तिनं आयकून घेतलं अना उठून आत गेली. त्याच्यानंतर तिनं माह्याशी बोलनं बंद केलं. पन रीना, तुले खरं सांगतो, दोन दिवस मले ते समजलंच नाही. मले वाटलं बोलत असन, आपल्यालेच आयकू येत नसन. मी आपला उत्तरं देऊन राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुनेनं हातवारे करून सांगतलं का काकू तुमच्याशी बोलत नाही. तवा मी चुलीपाशी जाऊन बसलो. तिनं मान फिरवली.

गुरुवारी म्हनलं, चाल. वाटलं नाही येनार. पन लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात उभी. मोटरीत माह्या बाजूले बसली, पन तोंड खिडकीकडे.

दवाखान्यात मी पहिल्यांदाच पाहिलं का ते काय करतात. मले वाटे तेल लावत असन. तिले एकेक बोट उघडाले लावते ती डॉक्टरीन. अंगठा उघडताना तुह्या मायच्या कपायावर घाम आला. तू नऊ महिने हे पाहत होती अना एकदाबी बोलली नाही. नाही, बोलली असशीन. मी मिलवर होतो.

मधात ती डॉक्टरनीशी काई तरी बोलली. मह्याकडे पाहून बोलली. मी विचारलं काय म्हनते. ती डॉक्टरीन पोरगी घुटमळली, मंग चिठ्ठीच्या मागं लिहून मले देल्लं. लिहिलं होतं का काकू म्हणतात, बाळाचं नाव ठेवलं होतं.

मले दवाखान्यात, समद्या लोकायत, रडू आलं. तिचा आखडलेला हात मी धरून होतो, डॉक्टरनीनं धराले सांगतलं होतं म्हून. मी विचारलं, काय नाव ठेवलं होतं. तिनं मह्याकडे पाहिलं. आठ दिवसात पहिल्यांदा. अना तिचे ओठ हलले, तिनं नाव सांगतलं. मले आयकू आलं नाही. परत विचाराची माही छाती झाली नाही. डॉक्टरीन दुसऱ्या पेशंटकडे गेली होती.

तू येशीन तवा तिले विचारजो, अना मले कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देजो.

वाट पाहतो.

तुहा बाप,
तेजराम